बासष्टावा मजला आणि आमची ही

...नाही, तुम्हीच सांगा, न्हाव्याला वाढदिवसाची भेट म्हणून कुणी केस कापून देतं का? टपालवाल्याला कुणी म्हणतं का, चला, रविवार आहे, जरा चार गल्ल्या पायी फिरून येऊ? मग मला, बंदरावर चौतीस वर्षं क्रेन चालवलेल्या माणसाला, निवृत्तीची भेट काय द्यावी? उंच इमारतीच्या गच्चीचं तिकीट! बासष्टावा मजला! आणि वर लेक म्हणते कशी, "बाबा, तिथून बंदर इतकं सुंदर दिसतं ना, एकदा बघाच." अगं बाई, बंदर? मला? चौतीस वर्षं वरच होतो मी!

तुम्हाला कल्पना नाही म्हणून सांगतो. क्रेनची केबिन म्हणजे आपली न्हाणीघराएवढी पेटी, चौदा मजल्यांच्या उंचीवर टांगलेली, आणि तिची जमीन काचेची. पायाखाली काच, काचेखाली थेट जहाज. दोन हातांत दोन दांडे धरायचे, पुढे वाकायचं, आणि स्वतःच्या दोन पायांमधून खाली बघत राहायचं. खाली दोरांना लोंबतोय कंटेनर, दोन खोल्यांच्या घराएवढा, वाऱ्यावर झुलतोय, आणि तो खालच्या ट्रकवर असा ठेवायचा की ट्रकवाल्याच्या हातातला चहा हिंदकळता कामा नये. असे रोज आठ तास. खाली बघून बघून माझी मान अशी झालीय की रस्त्यात कुणी भेटलं की मला आधी त्याच्या चपला दिसतात. खरं सांगतो, निम्मं गाव मी चपलांवरून ओळखतो. चेहरा दिसला की उलट घोटाळा होतो.

तर असा मी निवृत्त झालो, खाली उतरलो, आणि ठरवलं की आता उरलेलं आयुष्य जमिनीवर. तळमजल्यावर घर आहे आपलं, ओट्यावर खुर्ची टाकायची, बस. आणि ही मंडळी मला परत वर न्यायला निघाली! मी म्हटलं, तिकीट शेजाऱ्यांना द्या. म्हटलं, माझा एक डोळा आत्ताच मोतीबिंदूचा केलाय, दुसरा पुढच्या महिन्यात करायचाय, डॉक्टर म्हणालेत जपा. लेक म्हणाली, डॉक्टरांनी लिफ्टमध्ये बसू नका असं म्हटलं नाही. वकील व्हायची ही, उगाच शाळेत गणित शिकवते.

मी ठाम होतो हो. पण मग आमची ही म्हणाली, "जाऊ या. मला बघायचंय."

एवढंच. आता तुम्ही म्हणाल यात काय, पण आमची ही "मला अमुक हवंय" असं वर्षातून एकदा म्हणते, आणि ते बहुधा "मला जरा शांतता हवीय" असं असतं. आणि खरंच, तिनं बंदर कधी बघितलंच नव्हतं. फाटकाच्या आत बाहेरच्या माणसाला बंदी. चौतीस वर्षांत मी डबा विसरलो की ही डबा घेऊन फाटकापर्यंत यायची, पहारेकरी डबा घ्यायचा, ही परत. तिच्या लेखी बंदर म्हणजे एक निळं फाटक आणि एक मिशीवाला पहारेकरी. बाकी जे काय ते मी रात्री जेवताना सांगायचो. आज अमुक जहाज लागलं, आज वाऱ्यानं काम थांबवलं, आज तमक्यानं दोर चुकीचा बांधला... आणि ही पानाकडे बघत म्हणायची, "हं." तुमच्या घरी असतो का तो "हं"? त्याला ना होकार म्हणता येत, ना नकार. भिंतीवर चेंडू मारावा आणि तो परत यावा, तसा तो "हं". मला वाटायचं, हिच्या या कानातून त्या कानात जायलासुद्धा माझं बोलणं थांबत नाही, बाहेरूनच वळसा घालून जातं.

तर निघालो. मी, ही, लेक आणि जावईबापू. जावईबापूंची व्यायामशाळा आहे. दंड असे की सदऱ्याच्या बाह्या शिंप्याला वेगळ्या बेतून घ्याव्या लागतात. इमारतीच्या खाली ही भली मोठी रांग, पिशव्या तपासताहेत, आमच्या हिच्या पिशवीतून पाण्याच्या तीन बाटल्या, रुमाल, सुई-दोरा, पोटदुखीच्या गोळ्या आणि स्वेटर निघाला. तपासणारी बाई म्हणाली, "मुक्कामाला चाललात का?" ही म्हणाली, "वर वारा असतो. हे सांगतात." मी मनात म्हटलं, अरेच्चा, हे बरं लक्षात राहिलं.

लिफ्ट! आता लिफ्टचं सांगतो. आमच्या क्रेनची लिफ्ट चालू असली तर वर जायला चार मिनिटं, आणि बंद असली, म्हणजे महिन्यातले पंधरा दिवस, तर शिडी. या लिफ्टला काय? दार मिटलं, कानात "टप्प" झालं, दार उघडलं. चाळीस सेकंद! मला तर अपमान झाल्यासारखं वाटलं. एवढ्यात कुणी वर जातं का? वर जायचं म्हणजे माणसाला दम लागला पाहिजे, देव आठवला पाहिजे. देव मात्र जावईबापूंना आठवला. लिफ्ट सुटल्याबरोबर त्यांनी माझा हात धरला. लग्नात कन्यादानाच्या वेळीही इतका घट्ट धरला नव्हता त्यांनी. डोळे मिटून म्हणतात, "बाबा, छान आहे ना?" मी म्हटलं, जावईबापू, अजून लिफ्टच आहे ही.

वर पोचलो. चहूकडे काच. आणि माणसंच माणसं. आणि माणसं काय करताहेत तर काचेकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढताहेत! म्हणजे बासष्ट मजले चढून यायचं आणि बघायचं काय, तर स्वतःचंच तोंड. ते तर घरी आरशात दिसतं, तेही बसल्या जागी. एका कोपऱ्यात जमिनीला काच बसवलेली, पायाखालची. लोक तिच्यावर एक पाय टाकताहेत, किंचाळताहेत, मागे पळताहेत, परत एक पाय टाकताहेत. मी गेलो, दोन्ही पाय टाकले, उभा राहिलो. जांभई आली. काय करणार? अशाच काचेवर पाय ठेवून चौतीस वर्षं डबा खाल्लाय मी. बाजूची एक बाई तिच्या नवऱ्याला म्हणाली, "बघा, त्या आजोबांना बघा, जराही घाबरत नाहीत." मी म्हटलं, बाई, चौतीस वर्षं वरच होतो मी. तिला वाटलं मी इथेच होतो. म्हणाली, "मग स्वच्छतागृह कुठे आहे?"

जावईबापू लिफ्टच्या बाजूच्या खांबाला पाठ लावून उभे, डोळे अर्धे मिटलेले. लेक म्हणाली, बाबा, तुम्ही फिरा, मी यांच्याजवळ थांबते. म्हटलं थांब, खांब पडायला नको.

तेवढ्यात आला गाइड. चांगला चाळिशीचा गडी, टाय लावलेला, हातात माइक. चला मंडळी, इकडे या, आता आपण बंदर बघू. मी म्हटलं, ऐकू या. म्हटलं, गप्प राहायचं, आपण पाहुणे आहोत. हा सांगतो काय? ते पांढरं भव्य जहाज दिसतंय ना, ते प्रवासी जहाज, त्यात नाचाचा हॉल आणि पोहण्याचा तलाव आहे. अहो, ते मोटारी वाहून नेणारं जहाज! चालता बोलता खोका आहे तो! एक खिडकी नाही त्याला! त्यात पोहायचं तर पेट्रोलमध्ये पोहावं लागेल. मी हळूच म्हटलं, साहेब, ते मोटारींचं जहाज आहे. तो हसला. मग म्हणतो, त्या लाल क्रेन बघा, पूर्वी तिथे माणसं बसायची, आता सगळं कॉम्प्युटर करतो. कॉम्प्युटर! दोन महिन्यांपूर्वीपर्यंत मी होतो तो कॉम्प्युटर! मी म्हटलं, अहो, अजूनही माणसंच बसतात. तो म्हणाला, "काका, प्रश्न शेवटी विचारा हं." मी म्हटलं, प्रश्न नाहीये हो हा. उत्तर आहे.

लोक हसले. गाइडचे कान लाल झाले. मग मात्र मला वाईट वाटलं. त्यालाही कुणीतरी कागद लिहून दिला असणार, तो बिचारा पाठ म्हणतो. मी बाजूला झालो आणि हिला शोधायला लागलो.

ही काचेपाशी उभी. एकटी. स्वेटर घातलेला, आत वारा नव्हता तरी. मी गेलो, घसा साफ केला, म्हटलं, हे बघ, तुला आता नीट दाखवतो, डावीकडून सुरुवात करू...

"थांबा," ही म्हणाली, "मी सांगते."

आणि बोट लावून सांगायला लागली. तो एक नंबरचा धक्का, कोळशाचा, म्हणून तिथली जमीन काळी. तो दोन, धान्याचा, तिथे कबुतरं असतील, इथून दिसत नाहीत. चार नंबर रिकामा आहे म्हणजे गाळ काढताहेत. पाच नंबरला मोठं जहाज लागलंय, त्याच्या मागे तो जुना लाकडी धक्का, आता तिथे फक्त बार्ज बांधतात, वाळू-खडी वाहणाऱ्या त्या चपट्या बोटी. पलीकडे फेरीबोटीचा धक्का. आणि ती तुमची क्रेन. सात नंबर, डावीकडून तिसरी, जिच्या पायाचा रंग उडालाय आणि तुम्ही सहा वर्षं अर्ज करत होतात.

मी बघतच राहिलो. जहाजाकडे नाही, हिच्याकडे. म्हटलं, तुला कुणी सांगितलं हे?

"तुम्हीच. रोज."

"तू ऐकत होतीस?"

"घरात दुसरं कोण बोलत होतं?"

 चौतीस वर्षांचा तो "हं" माझ्या डोळ्यांपुढून गेला, एकेक, रांगेनं. एक दोनदा तर मी मुद्दाम खोटं सांगून बघितलं होतं, की आज जहाजातून हत्ती उतरला, तरी "हं" आला होता! मी तिला ते विचारलं. म्हणाली, "हत्ती खोटा होता, ते कळलं होतं. जेवण निवत होतं तुमचं, म्हणून बोलले नाही."

मग बराच वेळ ती सात नंबरकडे बघत होती. इथून माझी केबिन म्हणजे काडेपेटी. काडेपेटीसुद्धा नाही, काडीचा गूल. ही म्हणाली, "एवढीशी आहे हो ती. मला वाटायचं वर दोन-चार माणसं तरी असतील बोलायला. तुम्ही तर एकटेच होतात."

 मी आपलं म्हटलं, कबुतरं यायची. ती म्हणाली, "हं." पण हा "हं" वेगळा होता. जाऊ द्या. डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली होती माझी, मोतीबिंदूचा डोळा, पाणी येतं त्याला.

तर थेंब घातले, डोळा मिटला, उघडला, परत खाली बघितलं... आणि मला काहीतरी खटकलं. कसं सांगू तुम्हाला? घरातली एक खुर्ची कुणी वीतभर सरकवली तर तुम्हाला अंधारातही कळतं ना? तसं. एक डोळा नवा, एक जुना, बारीक काही दिसत नव्हतं, पण चित्र चुकलेलं होतं. जुन्या लाकडी धक्क्यावर जी काळी पट्टी सरळ असायला हवी, ती तिरपी होती. मी हिला म्हटलं, ती बघ, ती बार्ज तुला तिरकी दिसते का? ती म्हणाली, थोडी. मी म्हटलं, दुर्बीण.

तिथे एक मोठी दुर्बीण होती, खांबावर बसवलेली, आणि तिच्यापुढे पंधरा माणसांची रांग. पुढे टोपी घातलेले एक गृहस्थ, नुकताच त्यांचा नंबर लागलेला. आमची ही, जी दुकानात कुणी पुढे घुसलं तरी "जाऊ दे" म्हणते, ती सरळ गेली आणि त्या गृहस्थांना म्हणाली, "भाऊ, दोन मिनिटं बाजूला व्हा. बार्ज सुटलेली दिसतेय." ते गृहस्थ बाजूला झाले. बार्ज म्हणजे काय हे त्यांना माहीत नव्हतं, पण हिच्या आवाजाला झाले.

हिनं डोळा लावला आणि मला सांगायला लागली. वाळूची बार्ज आहे, पिवळा पट्टा, वर माणूस कुणी नाही. मागचा दोर पाण्यात लोंबतोय. पुढचा एकच उरलाय. मागची बाजू बाहेर फिरतेय.

 ओहोटी लागलेली, पाणी बाहेर ओढतंय. पुढचा दोर तुटला की ती वाळूनं भरलेली बार्ज सरळ फेरीबोटीच्या वाटेत जाणार. आणि मधे पाच नंबरचं ते मोठं जहाज उभं, म्हणजे फेरीवाल्याला ती दिसणारच नाही, वळून समोर आल्यावरच दिसेल. फेरीच्या धक्क्यावर काय चाललंय, मी विचारलं. ही म्हणाली, "माणसं चढताहेत. भरत आलीय."

मी फोन काढला. सिग्नलच्या मनोऱ्यात माझा जुना सोबती असतो, त्याला आम्ही भोंगा म्हणतो, कारण तो कानात बोलला तरी तीन धक्क्यांपलीकडे ऐकू जातं. उचलला त्यानं. मी म्हटलं, भोंग्या, जुन्या धक्क्यावरची बार्ज सुटतेय. तो म्हणाला, "तू कुठे आहेस?" मी म्हटलं, बासष्टाव्या मजल्यावर. तो म्हणाला, "बरं. वहिनी आहेत का जवळ? त्यांना सांग, याला घरी न्या."

आता यात त्याची चूक नाही, खोटं कशाला बोलू? निवृत्त झाल्यापासून मी त्याला चार वेळा फोन केला होता. एकदा बसमधून जाताना सात नंबरचा नवा ड्रायव्हर कंटेनर फार झुलवतोय म्हणून. एकदा सहा नंबरचा दिवा दिवसाढवळ्या चालू आहे म्हणून. आणि दोनदा उगाच... म्हणजे, करमत नव्हतं म्हणून. तर त्याला वाटलं, हा पाचवा. म्हणाला, माझ्या खिडकीतून जुना धक्का दिसतोय तेवढा ठीक आहे, बाकी पाच नंबरच्या जहाजाच्या आड आहे, तू आता आराम कर. मी ओरडतोय, आराम कसला करू, चौतीस वर्षं वरच होतो मी, मला कळतं! तो म्हणतो, म्हणूनच म्हणतो, आता खाली ये.

हिनं एक डोळा दुर्बिणीला तसाच ठेवला आणि माझ्याकडे न बघता हात पुढे केला. मी हातात फोन दिला.

"भावजी, मी बोलतेय. पाच नंबरच्या मागे, जुन्या धक्क्याचं टोक, तुमची छत्री उडाली होती ना, तिथे. पिवळ्या पट्ट्याची बार्ज. मागचा दोर गेलाय. पुढचा आत्ता ताणलाय. फेरी सोडू नका."

एवढंच बोलली. पलीकडून भोंग्याचा आवाज आला, फोन कानाला न लावताही मला ऐकू आला: "वहिनी, थांबवतो."

कळलं का तुम्हाला? माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीवर त्याचा विश्वास नाही, आणि जिनं आजवर बंदरात पाऊल ठेवलं नाही तिच्यावर आहे! नंतर मी त्याला विचारलं की असं का रे. तो म्हणाला, वहिनींनी चौतीस वर्षांत मला एकदाही फोन केला नाही. ज्या अर्थी केला, त्या अर्थी खरंच काहीतरी असणार.

मग बंदराचा भोंगा वाजला, खरा भोंगा, काचेतूनसुद्धा ऐकू आला. आता आमच्याभोवती ही गर्दी. लोकांनी स्वतःचे फोटो काढायचं थांबवलं, यावरून समजा. जो तो विचारतोय, काय झालं, काय झालं. आणि मी?  पायाखाली खालचं सगळं दिसतंय आणि हातात दांडा नाही... तो प्रकार मला माहीतच नव्हता हो. वर असायचो तेव्हा हातात दांडे असायचे. काही वाकडं दिसलं की सरळ करायचो. इथे नुसतं बघायचं. मी त्या काचेचा कठडा दोन्ही हातांनी असा घट्ट धरला की काय सांगू. पहिल्यांदा उंची वाटली मला. खरंच वाटली.

आणि ही? ही दुर्बिणीला डोळा लावून लोकांना सांगत होती. शांतपणे, भाजीवालीला पत्ता सांगावा तशी. "टग निघालाय, जहाजं ओढणारी बोट असते ना, तो. छोटा आहे दिसायला, पण त्याच्या पोटात इंजिनच इंजिन असतं. तो आता ओढणार नाही, नाकानं ढकलणार. घाई केली तर उरलेला दोर तुटेल, म्हणून तो हळू येतोय. रागावू नका त्याच्यावर." एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, दोर तुटला तर? ही म्हणाली, "तर फेरी थांबलेली आहे. माणसं चढलीत, पण बोट धक्क्यालाच आहे. वाळू काय, परत भरता येते."

दोर तुटला. तुटलाच. ती बार्ज सुटली आणि संथपणे, अगदी निवांत, एखादी म्हैस रस्त्यात यावी तशी फेरीच्या वाटेत आली. आणि तिथे कुणी नव्हतं. रिकामं पाणी. टगनं जाऊन तिला नाक लावलं आणि ढकलत ढकलत कडेला नेलं. ही दुर्बिणीतून बाजूला झाली, टोपीवाल्या गृहस्थांना म्हणाली, "या भाऊ, तुमचा नंबर." लोकांनी टाळ्या वाजवल्या. जावईबापूंनी खांब न सोडता वाजवल्या, म्हणजे कशा, देव जाणे, पण वाजवल्या.

आणि फेरीतल्या माणसांना काही पत्ताच नाही बरं का! दुसऱ्या दिवशी आमच्या शेजारचे गृहस्थ भेटले, चपलांवरून ओळखले मी, म्हणतात, काल फेरीनं अर्धा तास ताटकळत ठेवलं हो, कारण नाही काही नाही, या बंदरवाल्यांना माणसांची किंमतच नाही. मी म्हटलं, खरंय.

तर तिथे वर, सगळं शांत झाल्यावर, एक बाई आल्या. काळा कोट, गळ्यात ओळखपत्र, गच्चीच्या मॅनेजर. म्हणाल्या, जरा ऑफिसात येता का, चहा घेऊ. मी कॉलर नीट केली. मला कळलं ना काय ते! त्या गाइडचं बोलणं त्यांनीही ऐकलंच असणार. मी चालता चालता मनात उत्तर जुळवलं: नाही हो, आता वय झालं, डोळ्याचं चालू आहे, पण तुम्ही एवढं म्हणताच आहात तर आठवड्यातून तीन दिवस जमवतो... थोडे आढेवेढे घ्यायचे, एकदम हो म्हणायचं नाही. ऑफिसात बसलो, चहा आला. मॅनेजरबाई म्हणाल्या, आम्हाला बंदराची माहिती असलेलं, शांतपणे बोलणारं माणूस हवं आहे. मी म्हटलं, नाही हो, आता वय...

आणि बघतो तर त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या.

हिला विचारत होत्या! आमच्या हिला! "तुम्ही कराल का?" मी म्हटलं, मॅडम, काहीतरी गैरसमज होतोय, चौतीस वर्षं वर मी होतो, ही खाली होती. मॅनेजरबाई फार गोड हसून म्हणाल्या, "हो ना. त्यांना खालून एवढं कळलं, म्हणजे बघा."

ही म्हणाली, विचार करून सांगते. मला बरं वाटलं, म्हटलं, करणार नाही. लिफ्टमध्ये शिरलो, एका हातात जावईबापूंचा हात, दार मिटलं, कानात "टप्प" झालं, आणि ही माझ्या कानाशी हळूच म्हणते, "अहो, कुकर लावता येतो का तुम्हाला?"

आता येतो. तीन शिट्ट्या. डाळ वेगळी. शिकलो.

आठवड्यातून चार दिवस जाते ती. दहा ते पाच. तो टायवाला गाइड आता तिच्याकडून सगळं लिहून घेतो, पांढरं जहाज मोटारींचं हे त्यानं कबूल केलंय. गळ्यात ओळखपत्र घालून ही सकाळी निघते तेव्हा मी दारात उभा असतो, म्हणतो, स्वेटर घेतलास का? आणि संध्याकाळी येते, पाय चेपत बसते आणि सांगते, आज अमक्या देशाचे पाहुणे आले होते, आज एका बाईनं विचारलं की समुद्र रात्री बंद करतात का. खोटं कशाला बोलू, बरं चाललंय. हसते ती हल्ली. इतकी हसते हे मला माहीत नव्हतं.

परवा मात्र मला राहवेना. म्हटलं, हिला काम करताना एकदा बघावं. तिनं मला चौतीस वर्षांत बघितलं नाही, निदान मी तरी बघतो. धुतलेला सदरा घातला, गेलो, ही भली मोठी रांग. मी सरळ पुढे गेलो, दारावरच्या पहारेकऱ्याला म्हटलं, मला सोडा हो, माझी बायको वर आहे, ती बंदराचं सांगते ना, तिचा नवरा मी.

त्यानं मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"बंदरवाल्या बाईंचे मिस्टर का? सकाळपासून तुम्ही तिसरे," तो म्हणाला. "रांगेत या, काका."

काय करणार? उभा राहिलो.